कारंज्याचा हौद आणि दोन धातूंचा जोड

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि पाणीपुरवठा समित्यांचे सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



आजचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. बागेतील कारंज्याच्या हौदाला नळ जोडताना एका धातूचा नळ दुसऱ्या धातूच्या नळाला कसा जोडावा, एवढाच तो आहे. परंतु सार्वजनिक कामांचे आयुष्य पुष्कळदा मोठ्या वस्तूंवर नव्हे, तर अशा लहानशा जोडावर ठरते. हौद पक्का असतो, नळ नवा असतो, पंप चालू असतो. आणि काही पावसाळे उलटतात न उलटतात तोच जोडापाशी तांबूस ओघळ दिसू लागतो, नळाचे आटे खाल्ले जातात, पाणी ठिबकू लागते. दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद नसते. मग कारंजे बंद पडते आणि हौदात पालापाचोळा साठतो.

शाळांच्या आवारात, ग्रामपंचायतीच्या बागेत, स्मृतिउद्यानांत अशी लहान कारंजी आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांतील कित्येक लोकवर्गणीतून अथवा देणगीतून उभी राहिलेली असतात. कोणाच्या तरी मातापित्यांचे नाव त्या हौदावर कोरलेले असते. तो हौद कोरडा पडला म्हणजे केवळ पाणी थांबत नाही. पुढच्या कामासाठी हात पुढे करणाऱ्या पंचायतीवरील विश्वासही आटतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पेयजल हा विषय जसा आहे, तसाच सामूहिक मालमत्तेची देखभाल हाही आहे. बांधकामाइतकेच महत्त्व देखभालीला आहे, हे घटनेनेच सांगितले आहे.

मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा हा विषय तांत्रिक परिभाषेत मांडण्याऐवजी, ज्यांना कामाच्या कागदावर सही करावयाची असते त्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने मांडावा, असे मी ठरविले आहे.

जोड कुजतो तो का?

आपण एक नमुन्याचा हौद डोळ्यांपुढे ठेवू. हौद सिमेंट काँक्रीटचा आहे. पाणी वर नेणारा नळ जी.आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी आहे. मध्यभागी शोभेसाठी तांब्याचे घंगाळ बसविले आहे. त्याच्या बुडाला तांब्याची नळी असून कारंज्याची तोंडे पितळी आहेत. घंगाळ ज्या बोल्टांनी आवळले आहे ते स्टेनलेस स्टीलचे आहेत. आता मोजा. जस्त, लोखंड, तांबे, पितळ आणि स्टेनलेस स्टील असे पाच धातू एकाच पाण्यात उभे आहेत.

दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटले आणि दोहोंना एकच पाणी लागले, की तेथे विजेचा एक लहानसा घट तयार होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्या येथील गॅल्व्हानी यांना मृत बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडताना दिसला. त्यावरील वादातून व्होल्टा यांनी १८०० साली जस्त व तांबे किंवा चांदी यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे ठेवून जगातील पहिली बॅटरी जाहीर केली. जी.आय. या शब्दातील ‘गॅल्व्हनाइज्ड’ हा भाग त्याच गॅल्व्हानींच्या नावावरून आला आहे. बॅटरीत जे मुद्दाम घडवून आणले जाते, तेच हौदाच्या जोडात आपल्या नकळत घडते. वीज वाहते आणि तिची किंमत म्हणून दोहोंपैकी एक धातू विरघळत जातो.

कोणता विरघळतो, हे धातूंच्या क्रमावरून ठरते. नळकामात येणारे धातू साधारणपणे असे लावता येतील: प्रथम जस्त, मग ॲल्युमिनियम, लोखंड, शिसे, कथील, पितळ, तांबे, कांसे आणि शेवटी स्टेनलेस स्टील. दोन धातूंची गाठ पडली की या यादीत जो आधी येतो तो झिजतो आणि जो नंतर येतो तो वाचतो. त्यांतील अंतर जितके अधिक, तितका धोका मोठा. प्रयोगशाळेच्या ठरावीक परिस्थितीत जस्त आणि तांबे यांच्यात सुमारे १.१ व्होल्टचा फरक मिळतो. आपल्या नमुन्याच्या हौदात नेमकी हीच जोडी एकत्र आणली आहे.

जस्त लोखंडाच्या आधी झिजते, हाच जी.आय. नळाचा गुण आहे. मुलाम्यावर लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळते. परंतु त्या नळाला तांबे थेट जोडले, तर जस्ताला लोखंडाबरोबर तांब्याचाही भार वाहावा लागतो. मुलामा अकाली संपतो आणि मग उघडे पडलेले लोखंड गंजू लागते. त्यातही आटे पाडताना मुलामा कापला गेलेला असतो आणि नळाची भिंत तेथेच सर्वांत पातळ झालेली असते. म्हणून गळती नेहमी जोडापाशीच सुरू होते.

येथे एक रास्त शंका निघेल. पितळी तोटी तर जी.आय. नळावर घरोघर बसविलेली असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते, ते कसे? याचे उत्तर आकारमानात आहे. वाचणारा धातू थोडा आणि झिजणारा पुष्कळ असेल, तर झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते आणि लक्षातही येत नाही. उलट, वाचणारा धातू पुष्कळ आणि झिजणारा थोडा असला, तर मोठ्या कुटुंबाचा सारा खर्च एका लहान पगारावर पडावा तशी गत होते. मोठ्या नळावर एक पितळी तोटी, ही पहिली परिस्थिती होय. तांब्याच्या मोठ्या घंगाळाला जी.आय.चा एकच निपल किंवा लोखंडी नट, ही दुसरी. पहिली बहुधा निभावते, दुसरी निभावत नाही.

पाण्याचा गुणही येथे महत्त्वाचा असतो. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी त्यातून वीज सुलभ वाहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या एकूण क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणाऱ्या दोन विहिरींच्या पाण्यांतही क्षारांचे प्रमाण चौपट असू शकते. ज्या गावी बोअरचे पाणी मचूळ आहे, तेथे जोडाबाबत अधिक दक्षता हवी.

जहाज आणि पुतळा

हा धडा जगाने बराच खर्च करून घेतला आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. खिळे लोखंडी होते. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी खिळे खाल्ले जाऊन पत्रा सुटलेला आढळला. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे या खिळ्यांच्या माथ्याखाली राहून गेले होते. दोन धातूंच्या मध्ये आलेल्या त्या कागदाने खिळे वाचविले.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे. १८८६ साली उभ्या राहिलेल्या या पुतळ्याचे बाह्यांग सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचे आणि आतील आधाराच्या पट्ट्या लोखंडाच्या. बांधणाऱ्यांना धोका ठाऊक होता. त्यांनी दोहोंमध्ये लाखेत भिजविलेले ॲस्बेस्टॉसचे कापड घातले होते. परंतु कालांतराने ते कापड निकामी झाले, ओलावा शिरला, लोखंड गंजून फुगले आणि त्या फुगवट्याने तांब्यातील रिव्हेटा उपटल्या. १९८६ साली शताब्दीपूर्वी जी मोठी दुरुस्ती झाली, तीत लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर दिला. मध्ये पडदा घालावा, हे जहाजाने शिकविले. तो पडदा वेळोवेळी तपासावा, हे पुतळ्याने शिकविले.

वाहते पाणी आणि फिरते पाणी

आपल्या स्वयंपाकघरातही हे शास्त्र होते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते. धातूचा अंश पदार्थात उतरतो, हे आपल्या आज्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते; म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. तांब्याच्या नळातून जाणाऱ्या पाण्यातही तांब्याचा अल्पसा अंश उतरतो. तो पुढे जस्ताच्या नळात गेला की जस्तावर सूक्ष्म कणांच्या रूपाने बसतो आणि प्रत्येक कणाभोवती झिजेचे एक केंद्र तयार होते. नळ आतून ठिपक्याठिपक्यांनी पोखरला जातो. याकरिता नळकामाचा जुना नियम असा आहे की, पाणी आधी जी.आय.मधून आणि मग तांब्यातून जावे. उलट जाऊ नये.

घरच्या नळाला हा नियम पुरतो, कारण तेथे पाणी एकाच दिशेने जाते. कारंज्यात मात्र तो पुरत नाही. कारंज्याचे पाणी पंपाने वर जाते, घंगाळातून ओसंडते, हौदात पडते आणि पुन्हा त्याच नळातून वर चढते. येथे ‘आधी’ आणि ‘मग’ असे काही उरतच नाही. तांब्यावरून आलेले पाणी प्रत्येक फेरीत जी.आय. नळातून जाते. नळ कोणत्याही क्रमाने लावले तरी फरक पडत नाही, आणि दोन नळांच्या मध्ये पडदा घातला तरी पाण्यातून येणारे हे तांबे थांबत नाही. शिवाय उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. वरचेवर नवे पाणी घातले की क्षारांत भर पडते. हौद दीर्घकाळ रिकामा केला नाही, तर मूळचे गोडे पाणीही मचूळ होत जाते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. फिरत्या पाण्याच्या हौदात तांबे किंवा पितळ मोठ्या प्रमाणात असेल, तर पाण्याचा मुख्य मार्ग जी.आय.चा ठेवू नये. तो प्लास्टिकचा ठेवावा. आणि हौदात मासे सोडावयाचे असतील, तर तांब्याचे मोठे पात्र टाळावे. तांबे माशांना घातक असते. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरतात ते तांब्याच्या याच गुणामुळे.

आपल्याकडील जुनी कारंजी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या हौदात दूरवरून पाणी आणले ते खापरी नळांतून. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून बांधीव नळाने शहरात पाणी खेळविले. माती, दगड आणि चुना यांत धातूंचे हे भांडण उद्भवत नाही. शिवाय ते पाणी उताराने येत असे, पंपाने त्याच जागी फिरविले जात नसे. आज आपण धातू, पंप आणि वीज अशा तिन्ही गोष्टी एका लहान हौदात आणल्या आहेत. तेव्हा त्यांची जबाबदारीही आपणच घेतली पाहिजे.

मधला पडदा कसा घालावा?

दोन धातू जोडणे अपरिहार्यच असेल, तेथे त्यांच्यामध्ये वीज न वाहणारी वस्तू घालावी. याचे तीन व्यवहार्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग, विद्युत्‌रोधक युनियन. बाजारात तिला डायइलेक्ट्रिक युनियन म्हणतात. तिच्या दोन भागांमध्ये रबराचे वायसर आणि प्लास्टिकची चकती असते.

दुसरा मार्ग, मध्ये प्लास्टिकच्या नळाचा तुकडा घालणे. तो हातभर लांब असावा. दोन बोटांचा तुकडा क्षारयुक्त पाण्यात अपुरा पडतो. उन्हात उघडा राहिल्यास प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून तो झाकावा अथवा रंगवावा.

तिसरा मार्ग मोठ्या नळांसाठी आहे. दोन फ्लँजांमध्ये रबराची चकती घालतात. परंतु पुष्कळदा येथेच काम फसते. चकती घातली तरी दोन्ही फ्लँजांतून आरपार जाणारा लोखंडी बोल्ट त्यांना पुन्हा जोडून टाकतो. म्हणून प्रत्येक बोल्टाला प्लास्टिकची नळी आणि प्लास्टिकचे वायसर घातले पाहिजे.

आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉनची पट्टी म्हणजे पडदा नव्हे. ती गळती थांबविते. परंतु पाना आवळताना आटे तिला कापून एकमेकांना भिडतात. सफेदा आणि सूत यांचीही तीच गोष्ट. शेंदुरात तर शिसे असते. पिण्याच्या पाण्याच्या जोडाला तो मुळीच लावू नये.

पडदा घातल्यावर त्याला वळसा घालणारी वाट उरली नाही ना, हे पाहावे. दोन्ही नळ एकाच लोखंडी कंसावर टेकले असतील किंवा हौदाच्या भिंतीतील सळ्यांना चिकटले असतील, तर पडदा असून नसल्यासारखा होतो. काँक्रीटमधील सळई आणि बाहेरच्या ओल्या मातीतील नळ यांच्यातही असाच घट होतो, आणि त्यात मातीतला नळ झिजतो. म्हणून भिंतीतून नळ नेताना भोवती प्लास्टिकची नळी घालावी. शेवटी पाणी भरण्यापूर्वी, नळ कोरडे असताना, जोडाच्या दोन बाजूंस मीटर लावून पाहावा. दोहोंमध्ये वीज जात नाही अशी खात्री झाली म्हणजे पडदा बसला.

विजेची खबरदारी

एका गोष्टीत मात्र कोणतीही तडजोड नको. धातूच्या नळाचाच अर्थिंगसारखा उपयोग झालेला पुष्कळ जुन्या कामांत आढळतो. अशा नळात प्लास्टिकचा तुकडा घातला की ते अर्थिंग तुटते. पंपात दोष निर्माण झाला तर हौदाला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जोड बदलण्यापूर्वीच पंपाला स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे. हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंचे धातू एकत्र अर्थ करणे आवश्यक आहे असे त्याने सांगितले, तर ते मानावे. तसे केल्याने पडदा निरुपयोगी होतो हे खरे. परंतु मग नळ बदलून प्लास्टिकचा करावा. सुरक्षेची तार काढू नये.

सही करण्यापूर्वी

अंदाजपत्रकात पुष्कळदा ‘नळजोडणी, फिटिंगसह’ एवढेच लिहिलेले असते. या दोन शब्दांत पाच धातू लपू शकतात. म्हणून कागद पुढे आला की पुढील गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक नळ, तोटी, व्हॉल्व्ह आणि बोल्ट कोणत्या धातूचा आहे? कोठे कोणता धातू कोणत्या धातूला भिडतो? तेथे मध्ये काय घातले आहे? पंपाचे अर्थिंग स्वतंत्र आहे काय? जी.आय. नळ असेल तर तो भारतीय मानक १२३९ प्रमाणे आहे काय, आणि कोणत्या वर्गाचा आहे? हलक्या नळावर पिवळा, मध्यमवर निळा आणि जड नळावर तांबडा पट्टा असतो. हा पट्टा पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

जोड मातीत किंवा फरशीखाली पुरू नयेत. ते हाताला लागतील आणि डोळ्यांना दिसतील असे ठेवावेत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा पाहणी करावी, ठरावीक काळाने हौद रिकामा करून पाणी बदलावे आणि त्याची नोंद मालमत्तेच्या नोंदवहीत ठेवावी. जी.आय.वर पांढरी भुकटी दिसू लागली, की जस्त झिजत आहे असे समजावे. तांबूस ओघळ दिसला, म्हणजे लोखंडाची पाळी आली. पांढऱ्यावर थांबविले तर खर्च एका जोडाचा. तांबड्यापर्यंत वाट पाहिली तर नळाचा.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवितो. तीन काचेच्या पेल्यांत मिठाचे पाणी घ्यावे. एकात साधा लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेला खिळा आणि तिसऱ्यात जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला खिळा ठेवावा. आठवडाभर मुलांनी रोज पाहून नोंद करावी. तांब्याच्या सहवासातील खिळा अधिक गंजतो आणि जस्ताच्या सहवासातील वाचतो, हे मुलांना स्वतः दिसेल. नंतर त्याच मुलांना शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी नेऊन कोणते जोड धोक्याचे आहेत ते शोधण्यास सांगावे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे गावोगाव नव्या टाक्या, नवे नळ आणि नवे पंप आले आहेत. त्यांची देखभाल गावाकडेच राहणार आहे. कारंज्याचा हौद हा या दृष्टीने एक सोयीचा धडा आहे. तो लहान आहे, उघडा आहे, आणि येथे जे कळेल ते गावाच्या मोठ्या टाकीलाही लागू पडेल. योजनेचा आराखडा दुसरे कोणी करील, पैसा दुसरीकडून येईल. परंतु हा नळ त्या नळाला कशाने जोडला आहे, हा प्रश्न जागेवर उभे राहून विचारणारा माणूस गावचाच असावा लागतो. तो प्रश्न आपण विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.